रायझरशिवाय बेसॉल्टपर्यंत
आमच्या बीडकडे बोअर घेताना कॉम्प्रेसरच्या हवेने दगडाचा भुगा भोकातूनच वर येतो. खोल समुद्रात तळ आणि जहाज यांच्यामध्ये नुसतं पाणी. तिथे भुगा वर आणायला ड्रिलभोवती आणखी एक जाड पाइप लागतो, तो रायझर. १९६१ मध्ये ‘कस-१’ जहाजाने मेक्सिकोजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखालचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणच, गाठला. पण रायझरशिवाय, भुगा तळावरच सांडत. खरी अडचण वजनाची आहे. एवढा लांब पाइप वाकू नये म्हणून जहाजाने तो वरून सतत ताणून धरायचा, आणि जहाज तर लाटांवर हलतंय! संशोधनासाठी रायझर लावून ड्रिलिंग सुरू झालं ते थेट २००९ मध्ये, जपानच्या ‘चिक्यू’वर, त्याचा रायझर २,५०० मीटर पाण्यापुरता. मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी बेसिनमध्ये पाणी ३,५०० मीटर. २०१५ मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ने तिथला बेसॉल्टही रायझरशिवायच गाठला.