एक टोल, दोन कामे

धरणगावच्या एखाद्या शाळेत दर ३५ मिनिटांनी तासाचा टोल पडतो आणि टोल मोजूनच किती वाजले हे ठरते, असे समजा. शिपायाने टोल भराभर दिले, तर तास लवकर संपतील; पण वेळेचा हिशेब चुकेल. जुन्या संगणकाचा वेग वाढवताना नेमकी हीच अडचण येई.

१९८१ च्या आयबीएम पीसीत एकच मुख्य क्वार्ट्झ स्फटिक होता. तो सेकंदाला सुमारे १ कोटी ४३ लाख स्पंदने देई. त्याच्या एक-तृतीयांश वेगाने, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झने, प्रोसेसर चाले आणि एक-बारांश वेगाने वेळ मोजणारा गणक. हा गणक दर ६५,५३६ स्पंदनांनंतर एक खूण देई. सेकंदाला अशा सुमारे १८.२ खुणा पडत. त्या मोजूनच संगणक वेळ सांगे.

या स्फटिकाऐवजी १० टक्के जलद स्फटिक बसवला, तर आकडेमोड जलद होईल. पण घड्याळही तासाला ६ मिनिटे पुढे जाईल. अशा संगणकाने लंबकाचा आवर्तकाल मोजला, तर तो १० टक्के जास्त येईल. सूत्रात आवर्तकालाच्या वर्गाने भागायचे असल्याने गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ८.१ निघेल!

१९८४ च्या पीसी-एटीत ही दोन कामे वेगळी झाली. प्रोसेसरला १२ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र स्फटिक मिळाला. त्याच्या निम्म्या वेगाने तो चाले. हौशी मंडळींनी तेथे १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवून ६ चे ८ मेगाहर्ट्झ केले. गणकाचा स्फटिक निराळा असल्याने वेळ बिघडली नाही. शिवाय बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ स्पंदने देतो; ही संख्या १५ वेळा निम्मी केली की १ उरतो.

तरीही तापमानाने आणि वयाने स्फटिक किंचित बदलतोच. दहा लाखांत २० इतकी चूकही दिवसाला १.७ सेकंद होते. म्हणून घड्याळ अधूनमधून प्रमाणवेळेशी जुळवावे लागते. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने ही वेळ राखते.

भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. धरणगाव सुमारे ७५.३ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून तेथे मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २९ मिनिटांनी होते. तारखेनुसार त्यात काही मिनिटे कमी-अधिक होतात. म्हणून तेथील घड्याळ चुकीचे म्हणायचे का? शाळेच्या पटांगणात काठी रोवा, सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा आणि हा प्रश्न मुलांपुढे ठेवा.