गलबताची फळी सरळ का नसते?

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याचे बांधकाम १६८० साली सुरू झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर केलेली स्वारी फसली, हे आपण वर्गात शिकवतो. पण ज्या गुराबांच्या आणि गलबतांच्या बळावर कान्होजी आंग्रे लढले ती बांधत कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आमच्यापुढे तो आला एका शिबिरात. विद्यार्थ्यांसाठी आम्ही गलबताची हातभर लांबीची प्रतिकृती करायला घेतली होती. कणा ठेवला, त्यावर फासळ्या उभ्या केल्या आणि सारख्या रुंदीच्या पातळ लाकडी पट्ट्या चिकटवत गेलो. मध्यभागी सारे ठीक होते. टोकांकडे मात्र पट्ट्या एकमेकींवर चढू लागल्या. दाबून बसवाव्यात, तर कडा उचलल्या जात.

असे का व्हावे? मधल्या फासळीवर काठापासून कण्यापर्यंत दोरा धरला. तो १२ सेंटीमीटर भरला. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, भरला अवघा ६. फळ्यांची संख्या दोन्हीकडे तीच. ती ८ धरली, तर प्रत्येक फळी मध्ये दीड आणि टोकाशी पाऊण सेंटीमीटर रुंद हवी. म्हणजे सारख्या रुंदीची दिसणारी फळी मुळात निमुळती असते! पृथ्वीच्या गोलावर चिकटवायचा नकाशा याच कारणाने निमुळत्या पट्ट्यांत कापावा लागतो. शिवाय फळी सपाट बाजूने वाकते, कडेच्या दिशेने वाकत नाही. लाकडी फूटपट्टी हातात घेऊन हे पाहता येईल. त्यामुळे फळीची कड आधीच योग्य त्या वळणात तासावी लागते.

आपल्या किनाऱ्यावरचे सुतार परंपरेने हे सारे कागदावर आराखडा न काढता करीत आले. फळी लावून पाहायची, तासायची, पुन्हा लावायची. याच पश्चिम किनाऱ्यावर, सुरतेत, अठराव्या शतकात आलेल्या स्टाव्होरिनस या डच नाविकाने तेथील फळ्यांच्या सांध्याचे बारकाईने वर्णन केले आहे. युरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना भिडवत आणि फटीत दोर ठोकून भरत. सुरतेचे कारागीर मात्र कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. बसवलेल्या फळीच्या कडेला शेंदूर फासायचा आणि पुढची फळी तिच्यावर दाबायची. जेथे शेंदूर लागेल तेथे उंचवटा, तेवढाच तासायचा. दोन्ही कडा पूर्ण जुळेपर्यंत हेच चालू. मग कडांना एक चिकट लेप आणि कापसाचा पातळ थर लावून फळ्या खुंट्यांनी पक्क्या करीत. सांधा जेमतेम दिसे.

दात बसवताना दंतवैद्य रंगीत कागद चावायला देतात, त्यामागचे तत्त्व हेच. खाचेमुळे दुसरा फायदा असा, की पाण्याला आत शिरायला सरळ वाट मिळत नाही. वळणे घ्यावी लागतात.

लाकूडही पारखून घेत. सागातील तेलकट द्रव्यामुळे तो सहसा कुजत नाही. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, सागात ते टिकतात. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, हेही सांगितले आहे: रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. जहाज बांधणे म्हणजे जंगल सांभाळणेही होते.

रायगडच्या खाड्यांवर आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. साच्यातून निघणाऱ्या होडीला जुळवायला फळीच नसते. फळी जुळवण्याचे गणित मात्र सुतारांच्या हातात होते, वहीत नव्हते. हात थांबले, की तेही थांबेल.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. नारळाची अर्धी करवंटी आणि कागदाच्या पट्ट्या मुलांना द्या. करवंटी सुरकुती न पडता झाकायला सांगा. आणि जवळपास लाकडी होडी बांधली जात असेल, तर वर्ग तेथेच न्या. मोजपट्टी आणि वही बरोबर असू द्या.