पारख कोणाची करायची?

हिंगोली जिल्ह्यातले कुरुंदा हे गाव ज्या वसमत तालुक्यात येते तिथला हळदीचा व्यापारी ढिगाच्या रंगावर भाव ठरवत नाही. पॉलिश केलेले हळकुंड वरून पिवळेधमकच दिसते, म्हणून तो एखादे मोडून आतला गाभा बघतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना असेच काहीसे सांगितले आहे: आत्म्याच्या नावाने बोलणारा प्रत्येक जण खरा धरू नका, पारखून घ्या. या आज्ञेचा अर्थ बहुतेक वेळा ‘दुसऱ्यावर संशय घ्या’ एवढाच लावला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. फसवणुकीत सांगणारा असतो, सांगितलेली गोष्ट असते आणि ऐकणाराही असतो. यांपैकी तिसऱ्याची पारख सर्वांत कमी होते.

आधी सांगणारा. याच जिल्ह्यातले, हिंगोलीच्या छावणीतले एक उदाहरण इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलरने 1839 च्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. हरीसिंग नावाचा ठगांचा म्होरक्या तिथे प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता, आणि खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केले होते. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. वाटेत कापडाच्या खऱ्या मालकाला सोबत्यांसह मारले आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. यात फसवणुकीचे साधन खोटे वाक्य नव्हतेच मुळी. परवाना खरा होता, शिक्का खरा होता, कापडही खरे होते. सैतान प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो हे पौलाचे म्हणणे आपण चमत्कारांपुरते ठेवतो. हिंगोलीत ते हिशेबाच्या वहीलाही लागू पडले.

पण गोष्ट इथे थांबत नाही. हे उघडकीला आले ते हरीसिंग पकडला गेल्यावर, त्याच्याच कबुलीतून. ठगांविरुद्धची सारी मोहीमच माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. जो इतरांची नावे सांगेल त्याचा फास टळे. अशी साक्ष किती धरायची, यावर आजचे इतिहासकार बरेच सावध झाले आहेत. म्हणजे कबुली हाही पुरावा नव्हे, कबुलीमागचा लाभही तपासावा लागतो. पश्चात्तापाची साक्ष ऐकून डोळे पुसणाऱ्या मंडळ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सुरुवातीला आलेले कुरुंदा हे गाव विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातच आहे. ते नास्तिक होते, तरी त्यांच्यापासून ख्रिस्ती माणसाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील कादंबरीला त्यांनी लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना पाहावी. ज्या राजाबद्दल अपार आदर आहे त्याच्याविषयीच्या प्रिय कथाही ते पुराव्याशिवाय स्वीकारत नाहीत. आवडती गोष्टच अधिक कडकपणे तपासायची, ही खरी शिस्त.

ती का लागते, हे जुन्या करारातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात दिसते. अहाब राजाला युद्धावर जायचे होते. सुमारे चारशे संदेष्ट्यांनी एकमुखाने विजयाचे भाकीत केले. मीखाया एकटा विरुद्ध बोलला आणि तुरुंगात गेला. चारशे जण लबाड होते म्हणून अहाब फसला असे म्हणणे सोपे आहे. पण मीखाया आपल्याबद्दल कधीच चांगले बोलत नाही ही त्याची तक्रार आधीपासूनची होती. त्याला कोणी फसवण्यापूर्वीच त्याने निवड केलेली होती. आजाराला उतार पडल्याची साक्ष मंडळीत दिली जाते तेव्हा प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: हीच कथा दुसऱ्या धर्माच्या जत्रेत ऐकली असती, तर एवढ्या पुराव्यावर मी ती मानली असती का?

खोट्याचे प्रकार पाडण्यात ऑगस्टीनने फार श्रम घेतले. त्याने आठ प्रकार सांगितले आणि कोणत्याच खोट्याला परवानगी दिली नाही. फारोपासून बालके वाचवणाऱ्या इब्री सुइणींचे काय करायचे, हा वाद त्यानंतरही मिटलेला नाही. पण रोजच्या आयुष्यात तशी वेळ क्वचित येते. नेहमीचा प्रकार नव्या करारातल्या हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याचा. त्यांनी जमीन विकली, काही पैसे ठेवून घेतले आणि उरलेले सगळे म्हणून प्रेषितांपुढे मांडले. पैसे ठेवणे हा गुन्हा नव्हता. पेत्रानेच सांगितले की जमीन तुमची होती, पैसेही तुमच्या हाती होते. गुन्हा अंशाला पूर्ण म्हणून दाखवण्याचा.

हे माप मराठी ख्रिस्ती इतिहासाला लावून पाहावे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतर जे पटले नाही ते मानते असे म्हणायला त्यांनी नकार दिला. आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून बराच तापला. हा प्रामाणिकपणा महागडा होता, कारण अन्न, निवारा आणि मैत्री तिथूनच मिळत होती.

पुढे 1889 मध्ये मुंबईत रमाबाईंचे विधवा मुलींसाठीचे शारदा सदन निघाले, ते धर्मप्रचार न करण्याच्या भूमिकेवर. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. तिथे रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काही लपवले नव्हते, जबरदस्तीही केली नव्हती; लबाडीचा आरोप टिकत नाही. तरी ज्या विधवा मुलीला त्या घराबाहेर थारा नाही, तिच्यासाठी आश्रयदातीचे उघडे दार हे नुसते उघडे दार नसते. पालकांनी तटस्थतेचा जो अर्थ घेतला होता तो हा नव्हता, हे रमाबाईंना ठाऊक असणार. शब्द पाळला गेला, पण शब्दावर टाकलेला भरवसा पाळला गेला का? ख्रिस्ती लेखनात रमाबाईंच्या धैर्याबद्दल मी पुष्कळ वाचले आहे. हा प्रश्न तिथे फारसा भेटला नाही. तो विचारला तो विरोधकांनी, आणि विरोधकांनी विचारला म्हणून आपण तो पारखायचेच टाळले.