घारापुरी

मुंबई बंदरातील लहान बेट व शैव लेण्यांचे स्थळ. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील हे बेट मुंबईच्या अपोलो बंदरापासून सु. १० किमी. असून तेथून लाँचने सु. एका तासात पोहोचता येते. दोन टेकड्या व त्यांमधील चिंचोळी दरी अशी त्याची रचना असून शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तीन गावे किनाऱ्यालगत वसली आहेत.

१५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे आले. राजबंदरजवळील दगडी हत्तीवरून त्यांनी त्यास ‘एलिफंटा’ म्हटले. १८१४ मध्ये हत्तीचे डोके व मान कोसळली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईस नेण्यात आले व पुढे जोडलेला हा हत्ती सध्या जिजामाता उद्यानात आहे. ज्यावरून बेटास नाव मिळाले, तो पाहण्यासाठी बेटावर जाण्याचे कारण उरलेले नाही.

याहून मोठी हानी शिलालेखाची झाली. दियोगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या वृत्तांताप्रमाणे लेण्याच्या दारावरील लेख काढून पोर्तुगालला पाठविण्यात आला. तेथे तो कोणास वाचता आला नाही व पुढे नाहीसा झाला. परिणामी लेण्याचा कर्ता अनुमानानेच ठरवावा लागतो. पूर्वी ते राष्ट्रकूटकालीन मानीत. कोकणच्या मौर्यांचेही नाव सुचविले गेले. तथापि कलचुरी राजा कृष्णराज (सहाव्या शतकाचा उत्तरार्ध) याची तांब्याची नाणी बेटावर बऱ्याच संख्येने सापडली असून, ती कारागिरांच्या मजुरीची असावीत, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. अभोणे (नासिक जिल्हा) येथील ५९७ च्या ताम्रपटात कृष्णराजास जन्मापासून पशुपतीचा भक्त म्हटले आहे. माळव्यातून कोकणात उतरणारी वाट खानदेश व नासिक भागातूनच जाते. कृष्णराजाची चांदीची नाणी बागलाणातील देवळाणे येथे मिळाली आहेत, तर अंजनेरीच्या ७१० च्या ताम्रपटात ‘कृष्णराजरूपक’ हे चलन म्हणून उल्लेखिले आहे. बेटाचा हरवलेला इतिहास असा सह्याद्रीच्या माथ्यावर शोधावा लागतो.

मुख्य लेण्यात आज उत्तरेकडून प्रवेश होतो व समोर दक्षिण भिंतीत सु. ५·५ मी. उंचीची महेशमूर्ती दिसते. तीस दीर्घकाळ ब्रह्मा-विष्णु-महेशाची त्रिमूर्ती समजत. वस्तुतः तिन्ही मुखे शिवाचीच आहेत : मध्ये ध्यानमग्न तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर व दुसऱ्या बाजूस सौम्य वामदेव. तिच्या दोन्ही अंगांस अर्धनारीश्वर व गंगाधर हे शिल्पपट आहेत. मात्र चार दारांचे व द्वारपालांनी वेढलेले शिवलिंगाचे गर्भगृह पश्चिमेकडे असल्याने पूजकाची मूळ वाट पूर्वेकडून असावी. जाणत्या प्रेक्षकाने पूर्वेच्या चौकात उभे राहून खांबांच्या रांगेतून गर्भगृह अवश्य पाहावे. कल्याणसुंदर, अंधकासुरवध, नटराज, लकुलीश व रावणानुग्रह हे इतर पट होत. बहुतेकांचे खालचे भाग फुटलेले आहेत. कल्याणसुंदरपटातील पार्वतीचा संकोच मात्र अद्याप स्पष्ट जाणवतो.

१९८७ मध्ये यूनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. सोमवारी ती बंद असतात. पूर्वेकडील टेकडीवर प्राचीन विटांच्या स्तूपाचे अवशेष व बौद्ध लेणी आहेत. तिकडे फार थोडे प्रवासी वळतात.