बहात्तर सालचा रुपया

जुन्या भावांची यादी हा आपल्याकडचा मोठा आवडता विषय. लग्नाच्या पंगतीत, पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि आता मोबाईलवरही ही यादी फिरत असते. सोनं दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आसपास, पोस्टकार्ड दहा पैशांना, आणि असं बरंच काही. ऐकणारा सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, ‘काय स्वस्ताई होती राव!’ या यादीत एक रकाना मात्र कधीच नसतो. दिवसभर राबून संध्याकाळी माणसाच्या हातात किती पैसे पडत होते, हे त्यात कुणी लिहीत नाही. आज तो रकाना भरून पाहू. त्यासाठी साल घेऊ १९७२ आणि मुलूख घेऊ आपलाच, शहादा-लोणखेड्याचा.

मी त्या सालाच्या आगेमागे जन्मलेला. त्यामुळे हे सांगतोय ते थोरामोठ्यांकडून ऐकून आणि छापलेलं वाचून. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. १९७२ मध्ये आपण धुळे जिल्ह्यात होतो. दशमान नाणी येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तोंडात आणेच होते. पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणायचे. सालदाराचं साल आखाजीपासून धरलं जायचं. शेतमालकाचा आणि सालदाराचा वर्षाचा हिशेब त्याच सणाला व्हायचा.

आधी करमणुकीकडे पाहू, कारण माणसांना भावांच्या आधी गाणी आठवतात. ४ फेब्रुवारी १९७२ ला ‘पाकीजा’ पडद्यावर आला. कमाल अमरोहींनी तो वर्षानुवर्षं रखडत रखडत पुरा केला होता. संगीतकार गुलाम मोहम्मद तोवर हयात नव्हते, उरलेलं काम नौशादसाहेबांनी केलं. आणि ३१ मार्चला, चित्रपट लागून दोन महिनेही झाले नव्हते, मीनाकुमारी गेली. मग लोक तिला शेवटचं पाहायला म्हणून थिएटरकडे लोटले. मराठीत व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ याच सालचा. जगदीश खेबुडकरांची गीतं, राम कदमांचं संगीत, डॉ. लागूंचा मास्तर. दादा कोंडक्यांचा ‘एकटा जीव सदाशिव’ही याच वर्षीचा. दर बुधवारी रात्री आठला ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओट्यावर माणसं जमायची. अमीन सायानींचा आवाज आणि बिनाका गीतमाला! त्या वर्षी ‘दम मारो दम’ वर्षाच्या यादीत पहिलं आलं. २२ मे रोजी सिलोन देशाचं नाव श्रीलंका झालं, तरी आपल्याकडे स्टेशनचं नाव पुढेही ‘सिलोन’च राहिलं.

२ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. ते इथे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आकाशवाणीचं जळगाव केंद्रसुद्धा १९७६ चं. रेडिओला परवाना लागायचा, त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची. ट्रान्झिस्टर ही सालदाराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईची वस्तू होती. म्हणजे ओट्यावर जमून ऐकण्यात हौस होती, तसा नाइलाजही होता.

पोस्टाचं तर त्या वर्षी बरंच काही झालं. १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, पिनकोड सुरू झाला. ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतमधले कवी. आपल्या पत्त्याखाली आपण ४२५४०९ लिहितो, त्या आकड्यामागे एक कवी आहे, याचा माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला थोडा अभिमान वाटतो. आणि पाकिटावर त्या काळी नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी आलेल्या निर्वासितांसाठी ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि मार्च १९७३ अखेरपर्यंत चाललं.

आता पोटाकडे वळू. १९७२ चा पाऊस गेला. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला ते ओळीने वाईट गेलेलं वर्ष होतं. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं करपलं. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वभाग जास्त होरपळला, पण खानदेशही सुटला नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. मजुरी मोजमापावर. मुकादम चौकडी मोजणार, मस्टरवर अंगठा घेणार आणि आठवड्याने पैसे देणार. दिवसाला दोन-तीन रुपये पडले तर नशीब म्हणायचं. सोबत सुकडी. लहान मुलांना ती गोड लागायची, आणि दुष्काळाची गोड आठवण सांगणारे म्हातारे हमखास सुकडीचंच नाव घेतात.

रेशनच्या दुकानात मिळायचा मिलो. लालसर, जाडसर ज्वारी, थेट अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की कडक व्हायची. ‘हे तिकडे जनावरांना घालतात’ असं लोक चिडून म्हणत, आणि त्यात चूक काही नव्हतं. अमेरिकेत या ज्वारीचा मुख्य उपयोग पशुखाद्य म्हणूनच होता. पीएल ४८० खालचं सवलतीचं धान्य आपण १९७१ च्या अखेरीस बंद केलं होतं. दुष्काळ आल्यावर बाहेरचं धान्य बाजारभावाने घ्यावं लागलं. आणि बाजार कसा? त्याच उन्हाळ्यात रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला, तिच्या पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा. वर्षभरात गव्हाचे जागतिक भाव दुपटीवर गेले. मॉस्कोचा सौदा आणि आपल्या ताटातली भाकरी यांचा असा संबंध होता. भाकरी खाणाऱ्याला तो कुणी सांगितला नाही.

मघाचा रिकामा रकाना आता भरू. १९७२ मध्ये अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १ डॉलर ६० सेंट होती आणि पेट्रोल गॅलनला ३६ सेंट. तिकडचे म्हातारेही आज ‘काय स्वस्ताई होती’ म्हणतात. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांचा. म्हणजे तिकडच्या एका तासाचे झाले बारा रुपये. आपल्याकडे खडी फोडणाऱ्या बाईला तीन रुपये मिळाले असं धरलं, तरी तिला त्यासाठी चार दिवस दगड फोडावे लागत. मात्र तिथेही शेतमजुराची किमान मजुरी इतरांपेक्षा कमी होती, १ डॉलर ३० सेंट. देश कुठलाही असो, शेतात राबणाऱ्याचा भाव कमीच लागलेला.

घरचा हिशेब पाहा. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९७३ पासून, केंद्र सरकारच्या सर्वात खालच्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला १९६ रुपये धरला गेला. १९७२ च्या भावाने महिन्याच्या पगारात जवळपास दहा ग्रॅम सोनं. त्या घराला ते साल स्वस्त होतं, हे मी नाकारत नाही. आजच्या भावाने तसं करून दाखवणं कठीणच. पण दुष्काळी कामावरच्या बाईला महिन्याचे पंचवीस दिवस काम मिळालं तर पंचाहत्तर रुपये. तेही काम चालू असेल तर, माप भरलं तर आणि मस्टर वेळेवर आलं तर. एकाच सालात, एकाच बाजारात, एकच रुपया दोन घरांत दोन वजनांचा होता.

आणि साल सगळ्यांनाच स्वस्त असतं, तर मुंबईच्या बायका रस्त्यावर कशाला आल्या असत्या? मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली ती १९७२ मध्येच. लाटणं हातात घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चे निघाले. गोडेतेल, रॉकेल, साखर, धान्य यांसाठी. घाऊक भाव १९७२-७३ मध्ये दहा टक्क्यांनी वाढले, पुढच्या वर्षी वीस टक्क्यांनी आणि त्याच्या पुढच्या वर्षी पंचवीस. शंभर रुपयांचा माल तीन वर्षांत एकशे पासष्टच्या घरात गेला. मध्येच, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल अडवलं आणि त्याने आगीत तेलच पडलं.

आपल्या शहादा तालुक्यात तर प्रश्न निव्वळ भावाचा नव्हता. जमीन कुणाची, सालदाराला माणूस म्हणून वागवायचं की नाही, हा होता. अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्ल शेतमजुरांना एकत्र केलं. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच साली श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासी बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर चाल केली, मडकी फोडली. घरात येणारे दोन रुपये वाटेतच संपू नयेत, हा त्यांचा साधा हिशेब होता. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. या चळवळीतूनच वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी मराठीला मिळाला. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्या सालची भावांची यादी आमच्या तालुक्याने केली असती, तर तिच्यात सालदाराचं साल केवढ्याला, हा भाव पहिला लिहावा लागला असता.

आणखी एक गोष्ट पंचांग काढून पाहावी अशी. नोव्हेंबर १९७२ मध्ये दिवाळी आणि रमजान ईद लागोपाठ, एकाच आठवड्याच्या अंतरात आल्या. गावातला मणियार, बागवान, पिंजारी यांच्यासाठी हा खरं तर दुहेरी हंगाम. दोन्हीकडच्या लेकीबाळी बांगड्या भरणार, दोन्हीकडे गोडधोड होणार, थंडीच्या तोंडावर गाद्या-गोधड्या पिंजून निघणार. पण त्या साली कपाशीच नव्हती, तर पिंजाऱ्याला रुई कुठली? आमच्या घरातली थोर माणसं सांगायची, त्या ईदला शेवया झाल्या त्या गुळाच्या, आणि शेजारच्या दिवाळीच्या करंज्याही गुळाच्याच. ताटांची देवाणघेवाण मात्र चुकली नाही. ताट रिकामं परत पाठवायचं नाही हा रिवाज, म्हणून कुणी मूठभर ज्वारी घालून पाठवी. ती मिलोचीच असायची.

त्या दुष्काळातून एक चांगली गोष्ट निघाली. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना. सांगली जिल्ह्यात विसापूरला १९६५ मध्ये तिचा लहानसा प्रयोग झाला होता. दुष्काळाने तिची गरज सगळ्या राज्याला पटवली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी तसा कायदा केला, त्याचं मूळ इथलं. या कामांचे पैसे उभे करायला महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदार मंडळींच्या पगारपत्रकावर ती छोटीशी कपात दिसते. खडी फोडणारी बाई आणि शहरातला पगारदार यांच्यातला तो सरळ धागा आहे, आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

दुष्काळी कामावर तरणीताठी असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना सोन्याचा भाव बहुधा आठवणार नाही, कारण तो त्यांनी कधी विचारलाच नव्हता. पण चौकडी किती लांब, किती रुंद, किती खोल खणायची आणि तिचे किती पैसे मिळायचे, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. कुणाच्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील, तर या रविवारी त्यांच्याजवळ जरा बसा. भाव कुणीही सांगेल. त्यांना मजुरी विचारा, आणि ते सांगतील तो आकडा वहीत सालासकट लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)