लॉग इन : ओंडका ते कमांड

दिवसातून दहादा आपण 'लॉग इन' करतो. त्यातला लॉग म्हणजे चक्क ओंडका! जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी मागे पाण्यात टाकायचे. दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. 28 सेकंदांची वाळू संपेतो हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट वेग. तो आकडा ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. भर समुद्रात आपण कुठे आहोत, हे त्या नोंदींवरूनच काढायचं. नोंद चुकली की जहाज खडकावर!

मग एमआयटीत एकच कॉम्प्युटर अनेकजण एका वेळी वापरू लागले. कोरबाटोंच्या 1962 च्या पेपरात 'लॉगिन' कमांड आहे: आपला नंबर द्या, मग कामाला लागा. म्हणजे पुन्हा वहीत नोंद.

(क्रियापद असेल तर 'लॉग इन' सुटं, नाम असेल तर 'लॉगिन' जोडून. बटणांवर सर्रास उलटं दिसतं.)