घराबाहेर पडलेल्या दोघी

प्रवासकथा जितकी जुनी, तितकीच तिच्यातील स्त्री-पुरुषांच्या कामांची वाटणीही जुनी. ग्रीक महाकाव्यातील ओडिसियस वीस वर्षे बाहेर राहतो; पेनेलोपी घरी वाट पाहते. हॉलिवूडने हाच साचा उचलला. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) स्त्रिया उंबरठ्याशी राहतात आणि पुरुष वाळवंटात जातो. ‘बॉनी अँड क्लाइड’मध्ये (१९६७) बॉनीच्या हाती बंदूक आली, पण सोबतीला क्लाइड होताच. ‘ईझी रायडर’मध्ये (१९६९) घोड्याची मोटारसायकल झाली; स्वार पुरुषच राहिला.

या पार्श्वभूमीवर १९९१ सालच्या ‘थेल्मा अँड लुईस’ची दखल घ्यावी लागते. दिग्दर्शक रिडली स्कॉट; पटकथा कॅली खूरी यांची. त्यांच्या या पहिल्याच पटकथेला ऑस्कर मिळाले. आर्कान्सातील एक गृहिणी आणि उपाहारगृहात काम करणारी तिची मैत्रीण दोन दिवसांच्या सहलीला निघतात. थेल्मा नवऱ्याला न विचारता, चिठ्ठी ठेवून घर सोडते. वाटेत एका मद्यगृहाबाहेर तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न होतो. लुईस पिस्तूल रोखून तिला सोडवते. त्यानंतरही तो इसम अर्वाच्य बोलतो, तेव्हा ती गोळी झाडते. संकट टळल्यावर सुटलेली गोळी असल्याने स्वसंरक्षणाचा बचाव लंगडा पडतो. तेथून सहलीचे पलायन होते.

पुढे दोघी पुरुषांचे साचे एकेक करून अंगावर चढवतात. लुईस आपले दागिने एका वृद्धाला देऊन त्याची टोपी घेते. थेल्मा दुकान लुटते, तेही एका तरुण चोराने शिकविलेल्या पद्धतीने, जवळजवळ त्याच्याच शब्दांत. पुरुषांचीच हिंसा स्त्रियांच्या हाती दिली, यात मुक्ती कोणती, असा आक्षेप तेव्हा अमेरिकेत घेतला गेला. तो अगदीच गैरलागू नाही. परंतु आमच्या मते चित्रपटाचा खरा प्रश्न निराळा आहे : या दोघी पोलिसांकडे का जात नाहीत?

लुईसचे उत्तर सरळ आहे. थेल्मा त्या माणसाबरोबर नाचताना सर्वांनी पाहिली होती. आता तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? हे भय केवळ अमेरिकेचे नव्हते. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस ठाण्यात घडलेल्या ‘मथुरा’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी १९७९ साली त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा सुधारला. तरीही फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे कलम पुराव्याच्या कायद्यातून वगळण्यास २००२ चे दुरुस्ती विधेयक यावे लागले.

म्हणूनच या कथेत टोपी आणि पिस्तूल यांना आम्ही दुय्यम मानतो. ओडिसियसला परतण्यासाठी घर होते आणि ते सांभाळणारी पेनेलोपी होती. या दोघींना मागे असे घर नाही, आणि पुढे त्यांचे म्हणणे ऐकून घेईल असे न्यायालयही दिसत नाही. अखेरीस त्यांची गाडी कड्यावरून झेपावते आणि चित्र तेथेच, अधांतरी थांबते. पुष्कळांना त्यात विजय दिसतो. आम्हांस मात्र त्यात, स्त्रीच्या शब्दाला साक्षीचे मोल न देणाऱ्या समाजावरचा ठपका दिसतो.